गौरव अंकात न छापलेलं पत्र

अंबादास सोनटक्के यांच्याशी बोलायचं असेल तर त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, हे आमच्याकडे नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं. डाव्या बाजूने हाक मारली तर ते ओ देत नाहीत. पूर्वी काही जणांना तो माज वाटायचा. मलाही वाटला होता.

आमच्याकडे म्हणजे कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहात. महाराष्ट्रातून कामासाठी दिल्लीत येणारे अधिकारी इथे उतरतात. मी स्वागतकक्षात बसते आणि अंबादासराव हाऊसकीपिंगचे इन्चार्ज आहेत. खोल्या, चादरी, पडदे, गीझर सगळं त्यांच्याकडे. बावीस वर्षं आम्ही एका छताखाली काम करतो आहोत, आणि त्यातली वीस वर्षं मला त्यांच्याबद्दल फारसं काहीच ठाऊक नव्हतं. माणूस कामाला चोख. आजारपणाची रजा कधी घेतलेली नाही. जेवण मात्र चार मिनिटांत, तेही बहुधा उभ्याने, आणि ताटाभोवती डाव्या हाताचं कुंपण घालून. कुणी मोठ्याने बोलायला लागलं की हे लिननच्या खोलीत जाऊन चादरी मोजत बसत. मोजलेल्याच चादरी.

त्यांची बायको हेमलता एका मंत्रालयात नोकरी करते. तिच्या नावावर आर. के. पुरममध्ये क्वार्टर आहे, तिथे हे दोघं आणि मुलगी अक्षया राहतात. अक्षया लहान असताना हेमलता एकदा मला म्हणाली होती, "ताई, पोरगी तीन वर्षांची झाली, पण ह्यांनी तिला एकट्याने कधी कडेवर घेतलं नाही. मी शेजारी असले तरच घेतात. ती रडायला लागली की जिना उतरून निघून जातात, थेट मुनीरकापर्यंत चालत. माणूस वाईट नाही हो. पण आपल्याच मुलीला असं कोण भितं?"

मी तेव्हा म्हणाले होते की पुरुषांना जमत नाही ते. किती सहज बोलून गेले होते मी.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारच्या सुट्टीत अंबादासराव माझ्या काउंटरपाशी आले. फोन पुढे केला. त्यांच्या सावत्र भावाचा, परीक्षितचा मेसेज होता. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन एप्रिलमध्ये करायचं ठरलं आहे. सोनटक्के गुरुजींचे माजी विद्यार्थी मोठा सत्कार करणार आहेत आणि गौरव अंक काढणार आहेत. थोरल्या मुलाचा लेख हवाच. पाचशे शब्द, पंधरा तारखेपर्यंत, सोबत एक फोटो.

"ताई, मराठी टायपिंग तुमचं चांगलं आहे. मी सांगतो, तुम्ही घ्याल?"

मी संगणक सुरू केला. "बोला."

"माझे वडील शिस्तप्रिय होते," ते म्हणाले.

मी टाइप केलं. पुढचं वाक्य येईना. ते खिडकीतून बाहेर बघत उभे होते.

"शिस्तप्रिय पुसा," ते म्हणाले.

मी पुसलं. पडद्यावर 'माझे वडील होते' एवढंच उरलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि वर निघून गेले.

त्याच आठवड्यात जिन्यावर त्यांना चक्कर आली. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब एकशे नव्वदवर. गोळ्या अडतिसाव्या वर्षापासून चालूच होत्या. तिथल्या तरुण डॉक्टर, रुचिता त्यांचं नाव, फार नीट तपासणाऱ्या निघाल्या. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिली आणि विचारलं, "ये पर्दा कैसे फटा? चोट लगी थी?"

अंबादासरावांचं यावरचं उत्तर ठरलेलं असे: जन्मापासूनच आहे. नोकरीच्या वेळी, लग्नाच्या वेळी, सगळीकडे त्यांनी हेच सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "बाप ने मारा था."

नंतर मला ते म्हणाले, "हिंदीत विचारलं म्हणून बोलून गेलो, ताई. मराठीत कुणी विचारलं असतं तर तोंड उघडलं नसतं."

डॉक्टरांनी औषध बदललं आणि एका चिठ्ठीवर समुपदेशक बाईंचं नाव लिहून दिलं. हे भडकले. "पागल समझा क्या मुझे?" त्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "नहीं. पण तुमची झोप, तुमचं प्रेशर, पहाटे चारला दचकून उठणं, हे सगळं कान फाटला त्या दिवसापासून सुरू आहे असं मला वाटतं. कानाचा इलाज करायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, असं कसं चालेल?" अर्थात हे त्यांनी हिंदीत सांगितलं. मी माझ्या भाषेत सांगते आहे.

ते एका शनिवारी गेले. पुढच्या शनिवारी गेले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, आणि मग जात राहिले.

त्यांचं लहानपण मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, चहाच्या वेळी, कधी पडद्यांचं कापड मोजताना. जिंतूरजवळचं गाव. आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे. वडील दत्तात्रय सोनटक्के, प्राथमिक शाळेत शिक्षक. दारू नाही, पत्ते नाहीत, पान-तंबाखू नाही. गावात एवढा मान की समोरून आले तर लोक सायकलवरून उतरत. त्यांनी दुसरं लग्न केलं. घरात मुलाने त्यांना 'गुरुजी'च म्हणायचं. शाळेत मारत, तसंच घरी मारत. फरक एवढाच की शाळेत घंटा व्हायची.

तिसरीत असताना सतराचा पाढा म्हणताना हा मुलगा सतरा आठेला अडखळला. वडिलांनी डाव्या कानशिलावर चपराक ठेवून दिली. त्या दिवसापासून कान वाहायला लागला. दोन महिने वाहत होता. गावात डॉक्टर होते, त्यांचा मुलगा गुरुजींच्याच वर्गात शिकत होता, पण ह्याला कुणी तिकडे नेलं नाही. गोधडीची चिंधी काढून हा स्वतःच कानात घालायचा. कानाचा वास घरात येतो म्हणून त्याचं अंथरूण ओसरीवर गेलं. कान सुकला, पण अंथरूण आत आलं नाही. बारावी होईपर्यंत तिथेच. जेवण सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते. सावत्र आईबद्दल ते कधी कडवट बोलले नाहीत. "ती पण त्यांना भ्यायची," एवढंच म्हणाले.

"आणि गाव?" मी विचारलं.

"गाव म्हणायचं, मास्तरांचा पोरगा आहे, वळण लागतंय."

बारावीनंतर गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर ते दिल्लीला आले आणि आमच्या अतिथिगृहात खाटा-गाद्या झाडायला लागले. नोकरी कायम झाली, पत्राद्वारे बी.ए. केलं, हेमलता भेटली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, चला, सुटला मुलगा. पण मुलीचा गणिताचा अभ्यास घ्यायला बसले की ह्यांच्या हाताला घाम सुटायचा आणि ते उठून जायचे. शाळेच्या पालकसभेला ते आजवर एकदाही आत गेले नव्हते. फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहायचे. आपले हात आपल्या बापाचेच आहेत अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून ते हात त्यांनी पोरीपासून लांब ठेवले होते.

हे त्यांनी समुपदेशक बाईंना सांगितलं, मग मला सांगितलं आणि सगळ्यात शेवटी, मार्चमध्ये, हेमलताला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "अहो, सोळा वर्षं मी समजत होते की तुम्हाला मुलगा हवा होता."

परीक्षितचे मेसेज चालूच होते. लेख कुठे आहे? फोटो कुठे आहे? एक दिवस अंबादासराव मला म्हणाले, "मी लिहितो आहे. पण अंकासाठी नाही. गुरुजींना पत्र लिहितो आहे."

"द्या, टाइप करून देते."

"नको. हे माझ्या अक्षरात जायला पाहिजे." मग म्हणाले, "त्यात विशेषण एकही घालणार नाही. दुष्ट, निर्दय, काही नाही. फक्त काय झालं ते."

पत्र आठ दिवस चाललं होतं. घरी जेवणाच्या टेबलावर ते लिहीत आणि अक्षया शेजारी आपला अभ्यास करी. दिल्लीत वाढलेली मुलगी. मराठी बोलते, पण निम्मे शब्द तिला ठाऊक नाहीत. एके संध्याकाळी तिने वाकून कागद वाचला.

"बाबा, ओसरी मतलब?"

"घराच्या पुढची जागा. वर छप्पर असतं, बाजूला भिंत नसते."

"अच्छा, पोर्च. आणि तुम्ही तिथे झोपायचे? थंडीत पण?"

"हो."

"आणि पू? पू म्हणजे पस ना?"

"हो."

हेमलता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती सांगते, की अक्षया एकेक शब्द विचारत गेली आणि हे एकेक शब्दाचा अर्थ सांगत गेले. कानशील म्हणजे काय. गोधडी म्हणजे काय. अशा रीतीने मुलीला सगळं कळलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुणी वाचवायला आलं नाही?"

"नाही."

"एक भी नहीं?"

ह्यांनी मान हलवली. मग ती उठली आणि त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसली. पुढचं लिहिताना त्यांनी तिला उठवलं नाही.

पत्र दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर आई गेल्यापासूनची हकिगत. दुसरं पान कानापासून सुरू होत होतं, आणि शेवट असा होता: "मी तुमच्यावर गौरवाचा लेख लिहू शकत नाही. माफी मागा असंही मी म्हणत नाही. हे घडलं होतं, हे तुम्हाला आठवतं का, एवढंच कळवा." त्यांनी ते स्पीड पोस्टने पाठवलं. पोस्टातून परत येताना ते माझ्या काउंटरपाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, गेलं." चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खणखणीत होता.

चार दिवसांनी परीक्षितचा फोन आला. अंबादासरावांनी तो माझ्यासमोरच घेतला. समोरचा इतका ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं. "ऐंशी वर्षांच्या माणसाला असं लिहितात? लोक पाया पडतात त्यांच्या! चार दिवसांवर कार्यक्रम आलाय आणि तू जुनी मढी उकरतोस?"

एरवी हे फोन ठेवून लिननच्या खोलीत गेले असते. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत. "परीक्षित, कार्यक्रम करा. चांगला करा. माझा लेख नाही, आणि मी येणार नाही. यात ओरडण्यासारखं काय आहे?" असं म्हणून त्यांनी फोन बंद केला. मी पाणी दिलं.

कार्यक्रम झाला. फोटो आले. गुरुजींच्या गळ्यात हार, पुढे शंभरेक माणसं. त्यानंतर आठवड्याने टपालाने एक लिफाफा आला. त्यात ह्यांचंच पत्र होतं.

पहिल्या पानावर लाल शाई होती. 'तीन वर्षानी'वर अनुस्वार दिला होता. 'आईच्या आजारपणात' मधला चुकलेला काना सुधारला होता. 'भूक'चा उकार ऱ्हस्व पडला होता, तो दीर्घ केला होता. चुकलेल्या वेलांट्यांभोवती गोल करून समासात दुरुस्त्या लिहिल्या होत्या, तपासलेल्या वहीसारख्या. दुसऱ्या पानावरही तशाच चुका होत्या, पण तिथे लाल शाईचा एक ठिपका नव्हता. सोबत चिठ्ठी नाही, एक शब्द नाही.

मला फार संताप आला. ते मात्र दोन्ही पानं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.

"पुढचं वाचलंच नसेल," मी म्हणाले.

"किंवा वाचलं असेल आणि पेन ठेवलं असेल." त्यांनी कागदाची घडी घातली. "ते आता त्यांचं त्यांनी बघावं, ताई. मला जे लिहायचं होतं ते मी लिहिलं. निकालाची वाट बघायला मी आता तिसरीत नाही."

हे ते बोलले खरं, पण त्या रविवारी घरी भलतंच झालं. अक्षयाच्या हातून आमटीचं पातेलं सांडलं आणि हे ताडकन उठले. हात वर गेला. पोरगी मागे सरकली. हे मला नंतर हेमलताने सांगितलं. तो हात खाली आला, कुणाला लागला नाही. हे नेहमीसारखे दाराकडे वळले, चपला घातल्या आणि तिथेच थांबले. परत आले, चपला घातलेल्या पायांनीच खाली जमिनीवर बसले, त्या आमटीशेजारी, आणि म्हणाले, "अक्षया, हे तुझ्यामुळे झालं नाही. हात माझा होता. मी तो वर नेला. तुझी काही चूक नाही."

"पातेलं तर मीच पाडलं ना."

"पातेलं पाडलंस. ते पुसून टाकू. हाताचं माझ्याकडे."

दोघांनी मिळून फरशी पुसली. पुढच्या शनिवारी त्यांनी समुपदेशक बाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. एक बरी गोष्ट झाली की मला कळायची, आणि एक वाईट झाली तरी कळायची. पूर्वी दोन्ही कळत नसत. मे महिन्यात ते अक्षयाच्या शाळेत आत गेले. वर्गशिक्षिकेशी बोलताना शर्ट घामाने भिजला, पण पूर्ण वेळ बसले. जूनमध्ये कानाला यंत्र लावलं. पडदा फाटून इतकी वर्षं झाली होती की फार फरक पडणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, आणि फार पडलाही नाही. तरी ते लावतात.

नोव्हेंबरमध्ये परीक्षित दिल्लीला आला. तोही आता परभणीत शिक्षक आहे, कसल्याशा प्रशिक्षणासाठी आला होता. दुपारी अचानक अतिथिगृहात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, पोट सुटलेला, घाबरलेला माणूस. अंबादासराव त्याला कँटीनमध्ये घेऊन गेले आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही पण बसा." त्यांना साक्षीला कुणीतरी हवं होतं, असं मला वाटतं.

चहा आला. परीक्षितने कप जवळ ओढला.

"दादा, फोनवर मी फार बोललो."

"हो."

"कानाचं मला आठवत नाही. मी पाळण्यात असेन. पण तू बाहेर झोपायचास ते आठवतं. आई मला सांगायची, दाराशी जाऊ नकोस. तू दिल्लीला गेलास ना, दादा, त्यानंतर माझी पाळी आली."

अंबादासरावांनी कप खाली ठेवला. बावीस वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. आपण सुटताना मागे नऊ वर्षांचं एक पोर राहिलं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पेढे, हार, सत्कार यांच्या गर्दीत हा भाऊ त्यांना बापाच्या बाजूचा वाटत आला होता.

"मला ठाऊक नव्हतं रे," ते म्हणाले.

"तुला कसं ठाऊक असणार? मीच कुणाला सांगितलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि तुझाच राग आला. वाटलं, मी सत्काराला मंडप बांधतोय आणि हा खरं बोलतोय."

"गुरुजींनी दुसरं पान वाचलं?"

"विचारलं नाही. माझी हिंमत नाही होत अजून त्यांना काही विचारायची."

मग अंबादासरावांनी विचारलं, "समर्थ केवढा झाला?" समर्थ म्हणजे परीक्षितचा मुलगा.

"अकरा."

"हात उचलतोस त्याच्यावर?"

परीक्षितने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "कधीकधी. अभ्यासात लक्ष देत नाही तेव्हा."

"कधीकधीही नाही."

"दादा, राग आवरत नाही."

"मलाही आवरत नाही. आवरेल तेव्हा आवरेल. तोवर घराबाहेर पडायचं, आणि बाहेर पडण्याआधी पोराला सांगायचं की तुझ्यामुळे जात नाही, परत येतो आहे. हे मला पंधरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, मी न सांगताच जात होतो. तू तसं करू नकोस. आणि बाहेर पडलास की मला फोन लाव. तुला उपदेश करायला नाही. तू चालत राहशील तोवर मी नुसता बोलत राहीन."

"तू कामात असशील."

"असेन. तरी उचलेन."

परीक्षित गेला. पहिला फोन आला तो डिसेंबरमध्ये. आमच्याकडे त्या दिवशी मोठं शिष्टमंडळ उतरणार होतं, दोन मजल्यांच्या खोल्या तयार व्हायच्या होत्या, माणसं अंबादासरावांना शोधत होती. ते मागच्या आवारात उभे होते, फोन उजव्या कानाला. मी बोलवायला गेले तर त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली.

"हां, बोल," ते फोनवर म्हणत होते. "घराबाहेर आहेस ना? मारलं का? नाही ना? बरं. शाब्बास. त्याला सांगून निघालास? मग आता चालायला लाग. कुठपर्यंत आलास ते सांग मला."

मी वर जाऊन सांगितलं की अंबादासराव पंधरा मिनिटांनी येतील, तोवर चादरी मी बघते.